इंदूअक्कांचा डावा खांदा

पॉइंट टू-टू रायफलीचा आवाज फारसा मोठा नसतो. अंगणात वाळत घातलेली तुरीची शेंग उन्हाने तडकावी, तेवढाच. ऐकणाऱ्याच्या मनात राहते ती त्या तडकण्याआधीची शांतता. अर्धा श्वास सोडलेला, अर्धा ओठांच्या आत थांबलेला, आणि बोट चापावर इतके हलके की आपण तिथे आहोत याची त्याला स्वतःलाही खबर नसावी. ही शांतता मला इंदूअक्कांनी ऐकवली. कवितेच्या दोन ओळींमधली मोकळी जागा मी पुस्तकांतून शिकले होते. तीच जागा पालथे पडून, कोपराला गोणपाट टोचत असताना कशी राखायची असते, ते मी त्यांच्याकडे पाहिले.

धुळ्यात पांझरा ओलांडून देवपुरातून बाहेर पडले की वस्ती विरळ होते, तिथे एका बंद पडलेल्या जिनिंगच्या मागे लांबट जागा आहे. एका टोकाला पत्र्याची शेड, दुसऱ्या टोकाला मातीचा उंच बांध, मधे पन्नास मीटर मोकळे ऊन. रायफल क्लबची रेंज ती हीच. जिनिंग थांबून कैक वर्षे झाली, तरी भिंतीच्या फटींतून अजून कापसाचे पुंजके निघतात. अक्का ते पुंजके दोऱ्याला बांधून नेमबाजांच्या लेनीलेनींच्या मधे काठ्यांवर लटकवायच्या. वारा पाहायला दुसऱ्या रेंजवर रेशमी निशाणे असतात म्हणे. "रेशीम नुसतं मिरवतं," अक्का म्हणत. "कापूस चुगली करतो."

मी तिथे पोचले ती केवळ माझा दुपारचा तास रिकामा होता म्हणून. कॉलेजच्या मुलींचा नेमबाजीचा संघ निघाला, त्यांच्यासोबत कुणी शिक्षिका हवी होती, आणि प्राचार्यांचे बोट वेळापत्रकावरून फिरत माझ्या नावाशी येऊन थांबले. शेडमध्ये एक ठेंगणी, घट्ट अंबाड्याची, साठी उलटलेली बाई रायफलीच्या नळीतून बारीक कापड ओढून काढत होती. साडीवर कॅनव्हासचे जाकीट, कोपरांवर चामड्याची ठिगळे, आणि अंगाला तेल, शिसे व कापूर यांचा मिळून आलेला एक वास. त्यांनी मान वर न करता विचारले,

"काय शिकवता?"

"कविता."

"बरं झालं. म्हणजे गप्प बसता येत असेल."

त्या दिवसापासून मी तिथे 'कवीबाई' झाले, आणि बहुतेक वेळ गप्प बसले.

अक्का मुलींच्या शाळेतून खेळशिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. ऐन तारुण्यात एनसीसीच्या शिबिरात त्यांनी पहिली गोळी झाडली, आणि तेव्हापासून ते वेड उतरले नाही, एवढेच चरित्र त्या स्वतः सांगत. बाकी त्यांना कळायचे ते त्यांच्या सवयींतून. शेडच्या खांबाला एक खिळा होता. पालथे पडण्याआधी त्या उजव्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढून त्या खिळ्याला अडकवत. डाव्या हातातल्या तशाच राहत. "डावा हात नुसता आधार देतो, त्याला नटू दे. उजव्याला काम आहे." वाऱ्याची झुळूक आली की खिळ्यावरच्या बांगड्या किणकिणत. ती किणकिण थांबली की अक्कांची गोळी सुटे. मुली म्हणत, अक्का वारा कापसावरून बघत नाहीत, बांगड्यांवरून ऐकतात.

नव्या मुलीच्या हाती पहिल्या दिवशी बंदूक पडत नसे. आधी दोरा. शिवणकामाचा पांढरा दोरा, रिळासकट जाकिटाच्या खिशात असे. मुलीचा कोपर वाकवायचा, आतल्या घडीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत दोरा धरायचा, तेवढाच दस्त्याला लावायचा, आणि दस्त्याचा मागचा भाग सरकवून स्क्रू आवळायचा. रंजिता नावाची सातपुड्याच्या पायथ्याच्या गावाकडची एक मुलगी आमच्या संघात होती. उंच, लांब हातांची, शेतात ज्वारीवर बसणारी पाखरे गोफणीने उडवत वाढलेली. तिने विचारले, "अक्का, आहे तशी बंदूक धरली तर नाही का चालणार?"

"ब्लाऊज शिवताना टेलर शेजारणीचं माप घेतो का?"

"नाही."

"मग? बंदूक माणसाला शिवायची असते. माणूस बंदुकीत कोंबायचा नसतो."

मग रंजिताला गोणपाटावर पालथे पाडले. पट्टा दंडाला बांधला, गाल लाकडावर टेकवला. अक्का तिच्याजवळ मांडी घालून बसल्या.

"डोळे मीट. झोप आल्यासारखं डोकं टाकून दे. टाकलंस? आता उघड. मागच्या भोकातून काय दिसतं?"

"काहीच नाही. अंधार."

"म्हणजे गालाखालची फळी खाली आहे. मान उचलून बघू नको, व माय. तू चुकत नाहीस, फळी चुकते." फळी केसभर वर आली. पुन्हा डोळे मिटणे, उघडणे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला रंजिता हसली. मागच्या चकतीच्या बारीक भोकात पुढची कडी, कडीत काळा गोल, आणि त्याभोवती पांढऱ्या उजेडाचे वलय, असे सगळे तिच्या डोळ्यापुढे आपोआप येऊन बसले होते.

"गोफण विसरायची," अक्का म्हणाल्या. "तिथं हात सोडायचा असतो. इथं हात नसल्यासारखा ठेवायचा. डावा कोपर म्हणजे खुंटा. नेम बाजूला गेला तर खुंट्याभोवती सगळं अंग फिरव, पण बंदूक हाताने ओढून आणू नको. ओढून आणलेली बंदूक गोळी सुटताना परत जाते, माहेरी पळाल्यासारखी."

अशी वाक्ये त्या सहज बोलून जात आणि पुढच्या मुलीकडे वळत. मी मात्र ते वाक्य घेऊन बसून राही.

काडतुसांच्या बाबतीत त्या सुगरणीइतक्या चोखंदळ होत्या. एकाच कंपनीची, एकाच आकाराची काडतुसे. पण प्रत्येक खेप वेगळी आणि प्रत्येक नळीची आवड वेगळी, असे त्यांचे म्हणणे. नवी खेप आली की प्रत्येक रायफलीला थोडी थोडी 'चाखायला' द्यायची. नावडती असेल तर टार्गेटच्या कार्डावर छिद्रे रागावल्यासारखी दूर दूर पडत. आवडती असली की मोगऱ्याच्या कळ्या एका देठाला याव्यात तशी एकमेकींना टेकून बसत. एकदा रिकामे पितळी टोपण माझ्या तळहातावर ठेवून त्या म्हणाल्या, "हे बघा, कवीबाई. मोठ्या बंदुकीच्या काडतुसाचं मर्म बुडाच्या मधोमध असतं. हिचं काठावर. टिचकी काठाला बसते आणि आत ठिणगी पडते." टोपण अजून कोमट होते. त्याच्या कडेवर नख रुतल्याएवढी खूण होती. काठावरून पेटणारी ती इवलीशी वस्तू मी बराच वेळ मुठीत धरून होते.

रेंजवरचा सर्वांत प्रसिद्ध कायदा मात्र झाडूचा होता. भोकातून पाहताना एका वेळी एकच काळा गोल दिसतो, आणि सगळे काळे गोल सारखे. अंग किंचित फिरले तर आपल्या लेनीतून सोडलेली गोळी शेजारच्या कार्डावर जाऊन बसते. अक्का याला 'शेजारी जेवायला जाणे' म्हणत. म्हणून प्रत्येक गोळीआधी टार्गेटवरचा लेनीचा आकडा वाचायचा, हा नियम. जी शेजारी जेवून येईल, तिने आठवडाभर पहाटे सगळ्यांच्या आधी यायचे, शेजारची लेन बांधापर्यंत झाडायची आणि शेजारणीला चहा करून द्यायचा. त्यासाठी लाल गोफात ओवलेली फाटकाची चावी आठवडाभर त्या मुलीच्या गळ्यात पडे. बंदुकांचे कपाट क्लबच्या सचिवांच्या ताब्यात असे. ही चावी फक्त फाटकाची. पण एरवी ती अक्कांच्या गळ्यात असायची, म्हणून मुलींना ती शिक्षा असूनही थोडी मिरवण्यासारखी वाटे.

एका वर्षी क्लबच्या शिबिराच्या उद्घाटनाला एक मोठे पाहुणे आले. गळ्यात झेंडूचा हार, मागे दोन फोटोवाले. उद्घाटनाची गोळी त्यांनी झाडायची होती. हार घालूनच ते सतरंजीवर आडवे होऊ लागले.

"भाऊ, हार काढा," अक्का म्हणाल्या.

"फोटोपुरता राहू द्या ना, मॅडम."

"फोटोला चालेल. बंदुकीला चालणार नाही. झेंडू बोल्टमध्ये जाईल."

हार निघाला. गोळी सुटली. टाळ्या झाल्या. पाहुण्यांचे कार्ड मात्र कोरे करकरीत, आणि शेजारच्या लेनीतल्या कार्डावर एक सुरेख नऊ. रंजिताने दुर्बिणीतून ते पाहिले आणि तोंडात ओढणीचा बोळा कोंबला. अक्कांनी कोपऱ्यातला झाडू आणून अगदी नम्रपणे पाहुण्यांपुढे धरला. "भाऊ, इथला कायदा आहे. आठवडा नको, तुम्हाला कामं असतात. पण ही एवढी लेन झाडून घ्या." क्षणभर शेडमध्ये कापूससुद्धा हलला नसेल. मग ते पाहुणे दिलखुलास हसले, धोतराचा सोगा खोचला आणि बांधापर्यंत झाडत गेले. तो फोटो पुढे सगळ्यांत गाजला. तेव्हापासून या कायद्याला अपवाद नाही, हे आमच्या मुलींनी मनाशी पक्के लिहून ठेवले.

आणि मग अक्कांचा उजवा डोळा अधू झाला.

आम्हाला ते चहावरून कळले. त्या किटलीतून कपात चहा ओतत होत्या आणि धार कपाच्या कडेवरून बशीत जात होती. रंजिताने हात धरला तेव्हा त्यांनी तो झटकला नाही, यावरूनच काहीतरी घडल्याचे समजले. नजरेच्या बरोबर मध्यभागी डाग आला होता. कडेचे सगळे दिसे, मधले पुसलेले. डॉक्टरांनी औषधोपचार सुरू केले होते, आहे तेवढे टिकेल म्हणाले होते. गेलेले परत येण्याचे आश्वासन दिले नव्हते. आम्हाला हे सांगताना त्या हसत होत्या.

"गंमत बघा. आठ दिसतं, सात दिसतं, झाडं दिसतात, तुमची तोंडं दिसतात. फक्त मधोमधचं दहा दिसत नाही."

त्या हसण्यामागे काय होते ते क्लबात सगळ्यांना माहीत होते. जळगाव आणि धुळे या दोन क्लबांचा दर हिवाळ्यात मैत्रीचा सामना होतो. दोन्हीकडच्या मुलामुलींच्या गोळ्या संपल्या की शेवटी दोन्ही क्लबांचे शिकवणारे शेजारशेजारच्या लेनीत आडवे होतात, आणि त्यांचेही गुण संघात धरले जातात. 'मास्तरच्या गोळ्या' म्हणतात त्यांना. ही पद्धत अक्कांनीच पाडलेली. "शिकवणाऱ्याने वर्षातून एकदा तरी पोरींसमोर चुकायची जोखीम घ्यावी," असे त्यांचे म्हणणे. त्यापुढे त्यांनी स्वतःपुरती आणखी एक अट जोडली होती, सगळ्यांदेखत, कैक वर्षांपूर्वी, थट्टेत: ज्या वर्षी माझी शेवटची गोळी दहात पडणार नाही, त्या वर्षी फाटकाची चावी दुसऱ्याच्या गळ्यात. आजवर ती कधीच चुकली नव्हती. आता कुणी अटीचा विषय काढत नव्हते. काढला तो अक्कांनीच. "या हिवाळ्यात चावी रंजिताला. उगाच रडारड नको."

जळगाव क्लबचे शिकवणारे भिकानाना मूळचे पारोळ्याचे. पांढऱ्या मिशा, डोक्यावर टोपी, आणि जन्मभर अक्कांच्या शेजारच्या लेनीत हरत आलेले. त्यांच्या कानावर ही बातमी गेली तेव्हा अक्कांचा फोन वाजला. अक्का फोन स्पीकरवर ठेवून दूर धरून बोलत, त्यामुळे नाना सगळ्या शेडला ऐकू येत.

"काय व अक्का, डोया गया म्हने तुना?"

"उजवा गेला, नाना."

"मंग डावा शे ना?"

"डाव्याने कधी केलं आहे का मी आयुष्यात?"

"मी आयुष्यमा कधी जिंकनू का? तरी येस ना दरसाल!"

फोन ठेवल्यावर अक्कांनी जाकीट चढवले. मग खिशातून दोऱ्याचे रीळ काढले आणि रंजितापुढे धरले. "घे माप. डाव्या हाताचं."

पुढचे दिवस पावसाळ्याचा उतार ते कापूस वेचणीचा हंगाम, एवढ्या काळात पसरलेले आहेत. माझ्या आठवणीत ते एकाच लांब दुपारीसारखे उरले आहेत. उजव्या खांद्यासाठी घडलेली बंदूक डाव्याला मानवेना. गोळी भरायचा बोल्ट उजवीकडेच राहिला, त्यामुळे दर गोळीनंतर तो फिरवायला उजवा हात आधारातून काढावा लागे. गालाची फळी चुकीच्या बाजूने उतरती होती. देवपुरातल्या एका सुताराने नवी फळी करून दिली, तिला रंजिताने काचपेपर मारला. सागाच्या भुकटीचा तो गोडसर वास आठवडाभर मुलींच्या ओढण्यांना येत होता. पट्टा आता उजव्या दंडाला. खुंटा उजवा कोपर. ज्यांनी हजारदा दुसऱ्यांना आडवे केले, त्या अक्का आता पालथ्या पडून आपले पाय कुठे न्यायचे हे विचारत होत्या.

"अक्का, डोळे मिटा," रंजिता म्हणे. "झोप आल्यासारखं डोकं टाका."

"मला शिकवू नको."

"बरं. उघडा. काय दिसतं?"

त्या फळीवर गाल घासून पुन्हा बघत. मग गोणपाटावरून पुटपुटणे, "अंधार."

"मग फळी चुकते. तुम्ही नाही."

"माझंच वाक्य मलाच ऐकवते ही पोरगी!"

सुरुवातीला गोळ्या कार्डाबाहेर मातीत जात. बांधातून धुळीचा लहानसा फुगा उठे, आणि त्याच्याकडे न पाहण्याचा सगळ्याजणी कसोशीने प्रयत्न करत. मग कार्डाच्या कडेला एखादे छिद्र आले. मग ती छिद्रे बिचकत बिचकत मध्याकडे सरकू लागली, नवी सून माजघरातून ओसरीकडे येते तशी. एके दिवशी मी पाहिले, खिळ्यावर डाव्या हातातल्या बांगड्या लटकत होत्या आणि उजव्या मनगटावर हिरवी काच चमकत होती. त्या दिवशी मला खात्री वाटली की अक्का सामन्यात उतरणार.

सामन्याचा दिवस पौषातल्या उन्हाचा होता. हरणाऱ्या क्लबने जिंकणाऱ्याला भरीत करून घालायचे, हा दोन्हीकडचा रिवाज. मात्र वांगी कुणीही हरले तरी जळगावकडचीच, कारण नानांचा त्या बाबतीत धुळ्यावर काडीचा विश्वास नव्हता. गाडीतून हिरव्या, लांबट, काटेरी देठांच्या वांग्यांची गोणी उतरवत ते म्हणाले, "धुयाना वांगास्नं भरीत? त्याले भरीत म्हनतस का व?" शेडच्या मागे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा ढीग रचून तयार होता. हिरव्या मिरच्या, लसूण, कळण्याच्या भाकरीचे पीठ, सगळे आले होते. विजेत्याचा पत्ता नव्हता आणि चूल मात्र तयार, हे दृश्य मला दरवर्षी आवडे.

मुलींच्या गोळ्या संपल्या. दोन्ही संघांत इतका थोडा फरक होता की निकाल मास्तरच्या गोळ्यांवर आला. अक्का तीन नंबरच्या लेनीत, नाना चारमध्ये. डाव्या बांगड्या खिळ्याला. शेडमधली कुजबुज आपोआप विरत गेली.

नाना भरभर मारत. त्यांच्या गोळ्या संपल्या, बोल्ट उघडा ठेवून बंदूक त्यांनी सतरंजीवर निजवली आणि दुर्बिणीतून स्वतःचे कार्ड न्याहाळत बसले. अक्का सावकाश. दुर्बीण रंजिताच्या डोळ्याला होती. दहा. नऊ. दहा. दहा. तिचा आवाज ओठांतून बाहेर येत नव्हता, फक्त ओठ हलत होते. शेवटच्या गोळीआधी अक्कांनी गाल उचलला. नव्याने नेमाला लागलेल्या डाव्या डोळ्याला पाणी आले होते. त्या कोपरावर रेलून थोडा वेळ थांबल्या, पदराने डोळा टिपला, पुन्हा आडव्या झाल्या, खुंटा रोवला, श्वास अर्धा सोडला. बांगड्यांची किणकिण थांबली.

शेंग तडकली.

रंजिताचे ओठ हलले नाहीत. ती दुर्बिणीत तशीच पाहत राहिली. कार्डावर नवे छिद्र नव्हते. बांधातही धूळ उडाली नव्हती.

तेवढ्यात शेजारून नानांचा आवाज आला, अगदी चकित, अगदी हळू. "अरे! मनी बंदूक तं झोपेल शे, आनि कार्डवर दहा कसं उनं?"

सगळे बांधाकडे चालत गेले. चार नंबरच्या कार्डाच्या मधोमध, जिथे नानांना आयुष्यभर क्वचितच पोचता आले होते, तिथे एक गोल, नितळ, कडा न फाटलेले छिद्र होते. त्याच्याइतके शुद्ध दहा त्या दिवशी दुसऱ्या कुणाचे पडले नव्हते. नाना टोपी काढून ते पाहत राहिले. "या बठ्ठा मना शेतस. हाई एक मनं नही. अक्का, तू तं मना ताटमा वाढी गयी व!"

अक्का हसल्या नाहीत. त्या आपल्या कार्डासमोर उभ्या होत्या आणि काय झाले ते त्यांच्या ध्यानात येत होते. पूर्वी उजवा डोळा नेम धरी आणि उघडा डावा डोळा टार्गेटवरचा आकडा वाचे. इतक्या वर्षांत ती वाटणी त्यांच्या हाडीमाशी मुरली होती. आता वाचणारा डोळा नेमाला लागला होता, आणि वाचायचे काम ज्याच्याकडे गेले, त्याच्या नजरेत मधेच धुके होते. तीनचा आकडा कुणी वाचलाच नव्हता.

"दहा ते दहाच शे," नाना म्हणाले. "आमले नको हाई गुन. अक्कानी चावी अक्काकडेच राही."

"नाना, माझ्या कार्डावर गोळी नाही. म्हणजे चुकली." अक्कांनी गळ्यातला लाल गोफ काढला.  "अट मी घातली होती. रंजिता, इकडे ये."

रंजिता पुढे झाली. तिने चावी घेतली. आमच्यातल्या दोघीतिघींनी तोंडे फिरवली. मी कापसाच्या पुंजक्याकडे पाहू लागले. तो अजिबात हलत नव्हता.

रंजिताने गोफ गळ्यात घातला. शेडच्या कोपऱ्यापर्यंत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात झाडू होता.

"अक्का," ती म्हणाली, आणि तो आवाज तिचा नव्हता, हुबेहूब अक्कांचा होता, "तुम्ही शेजारी जेवायला गेलात."

तिने झाडू अक्कांपुढे धरला.

"इथला कायदा आहे. शेजारची लेन आठवडाभर झाडायची. पहाटे, सगळ्यांच्या आधी यायचं. म्हणजे फाटक उघडावं लागणार." तिने गळ्यातला गोफ काढला आणि अक्कांच्या अंबाड्यावरून पुन्हा खाली सोडला. "आणि शेजाऱ्याला रोज चहा. नाना, तुम्ही जळगावहून येणार का रोज?"

"चहासाठी? येस ना!" नाना म्हणाले. "पारोयाले गाडी बदलीसन येस."

अक्कांनी एकदा झाडूकडे पाहिले, एकदा रंजिताकडे. त्यांना प्रथम राग आला असावा, कारण नाकपुड्या फुलल्या. मग त्या पाहुण्यांसाठी त्यांनीच धरलेला झाडू त्यांना आठवला असावा. "काय व पोरी," त्या म्हणाल्या, "मला तूच सापडलीस होय शिकवायला!" आणि त्या इतक्या हसल्या की त्या निकामी डोळ्यालाही पाणी आले.

धुळे हरले. भरीत आम्ही केले. काड्यांचा जाळ निळसर धुरात भडकला, वांग्यांची साले काळी पडून फुटली, आतून दुधाळ वाफ निघाली. लाकडाच्या लांबट बडजीत वांगी ठेचण्याचा धपधप आवाज घुमत होता आणि नाना मिरची कमी पडल्याची तक्रार करत होते. अक्का मांडीवर झाडू आडवा ठेवून जेवल्या.

तो आठवडा संपला. पण शनिवारी मुलींना चार नंबरच्या लेनीत कडुनिंबाचे एक पान सापडले. झाडणे नीट झालेले नाही, शिक्षा पुढच्या आठवड्यात चालू, असे रंजिताने जाहीर केले. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा पान सापडले. बांधामागे कडुनिंब असताना रेंजवर पान न सापडणे कठीण, हे अक्कांना ठाऊक होते, आणि मुलींनाही. तरी सोमवारी पहाटे फाटक अक्काच उघडत.

पुढे माझी बदली जळगावला झाली. निघण्याच्या दिवशी निरोप घ्यायला मी पहाटेच रेंजवर गेले. फाटक उघडे होते. ऊन अजून बांधावर यायचे होते, आणि चार नंबरची लेन नुकती झाडलेली, झाडूच्या बारीक रेघांनी भरलेली, नांगरून काढलेल्या इवल्या वावरासारखी दिसत होती. सचिव कपाट उघडून शेडच्या दारात पेपर वाचत बसले होते. अक्का तीनमध्ये आडव्या होत्या. त्यांनी मला पाहिले नाही. मीही हाक मारली नाही.

खिळ्यावर बांगड्या किणकिणत होत्या. अक्कांनी गाल टेकवला, मग पुन्हा उचलला. मान वर करून, अधू डोळा मिटून, नव्या डोळ्याने त्यांनी टार्गेटवरचा आकडा पाहिला आणि बालवाडीतल्या मुलीसारख्या मोठ्याने म्हणाल्या, "तीन. माझा तीन."

मग गाल टेकला. मी वाट पाहत थांबले. हळूहळू किणकिण थांबली.